जुन्या खेळांचे पाठभेद

एखाद्या जुन्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की वाद ठरलेला: यातली खरी आवृत्ती कोणती? एक बाजू सांगते, आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या, मशीनवर किंवा मूळ कन्सोलवर, काचेच्या जाड ट्यूबच्या टीव्हीवर जे दिसत होतं तेच खरं, बाकीच्या नकला. दुसरी बाजू म्हणते, रिमास्टर, म्हणजे नव्या यंत्रांसाठी उजळलेली आवृत्ती, आला, चित्र स्वच्छ झालं, आता जुन्याला कोण विचारतो? मग दोन पडदे शेजारी शेजारी लावले जातात, पिक्सेल आणि रंग मोजले जातात आणि एकीच्या गळ्यात विजयाची माळ पडते. या वादात दोन्ही बाजूंचं एक गृहीतक सारखंच आहे, की खेळ एक असतो आणि त्याचं योग्य रूपही एकच असतं. मला ते गृहीतकच मान्य नाही. निरनिराळ्या यंत्रांवरच्या आवृत्त्या हे एकाच खेळाचे पाठभेद आहेत. त्यांची तुलना जरूर करावी, कसून करावी, पण खेळ कसा घडला आणि हाताखाली कसा चालतो हे समजून घेण्यासाठी. एकीला पाटावर बसवून बाकीच्या अडगळीत टाकायच्या, या हेतूने केलेली तुलना आपलं ज्ञान वाढवत नाही. शिवाय आता तिच्या आडोशाने जुने खेळ बाजारातून उचललेही जाऊ लागले आहेत.

पाठभेद हा शब्द विचारपूर्वक वापरतो आहे. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पुरी केली. इतकी वर्षं त्या विद्वानांनी काय केलं? देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या, निरनिराळ्या लिप्यांतल्या शेकडो हस्तलिखितांची ओळीला ओळ लावली, जुना वाटेल तो पाठ वर छापला आणि गाळलेला प्रत्येक पाठ त्याच पानाच्या तळाशी नोंदवला. निवड झाली, पण निवडीमुळे काही हरवलं नाही. कुठल्या प्रतीत कुठला श्लोक का वाढला, हा तळटीपांचा भाग तर संशोधकांना वरच्या संहितेइतकाच मोलाचा वाटतो. व्हिडिओ गेमच्या बाबतीत आपण फक्त वरची ओळ छापतो आहोत आणि खालची कापून टाकतो आहोत.

ही खालची ओळ किती मोलाची असते ते ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये पाहा. १९७८ च्या आर्केड मशीनवर परग्रहवासीयांच्या ११ च्या ५ रांगा असतात, एकूण ५५. आतला ८०८० प्रोसेसर एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्रात, त्यांतला एकच सरकवू शकतो. सेकंदाला ६० फ्रेम. म्हणजे पूर्ण फौज एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद घेते. निम्मे मारले की तेच पाऊल अर्ध्या सेकंदात पडतं आणि शेवटचा एकटा उरला की तो प्रत्येक फ्रेमला हलतो, वेड्यासारखा धावतो. छातीत धडधड वाढवणारा तो वेग यंत्राच्या अशक्तपणातून आला आणि खेळाचा प्राण होऊन बसला. पुढे ज्यांनी हा खेळ जास्त ताकदीच्या यंत्रांवर नेला त्यांना ही अशक्तता मुद्दाम लिहावी लागली. १९८० मध्ये अटारी २६०० या घरगुती कन्सोलवर आलेल्या आवृत्तीत परग्रहवासी ३६ वर आले, पण खेळाचे ११२ प्रकार आले: हलणारे ढालीचे बुरूज, वाकडे जाणारे बाँब, अदृश्य शत्रू. आता यातली श्रेष्ठ कोणती? या प्रश्नाच्या उत्तरातून कुणाला काय कळणार आहे? दोन्ही शेजारी ठेवल्या तर मात्र ताबडतोब कळतं, की संख्या कमी झाली तरी खेळ टिकला आणि वाढता वेग काढला असता तर मेला असता.

माझ्या भूमिकेवर पहिला आक्षेप चांगलाच वजनदार आहे: कित्येक पोर्ट, म्हणजे एका यंत्रावरचा खेळ दुसऱ्यावर नेऊन केलेल्या आवृत्त्या, निव्वळ वाईट होते. घाईत, अपुऱ्या पैशांत, दिवाळीच्या फटाक्यांसारखे सुट्टीच्या हंगामाआधी दुकानात पोचवण्यासाठी बनवलेले. त्यांना पाठभेद म्हणणं म्हणजे निष्काळजीपणाला पांडित्याची झूल चढवणं नाही का? आक्षेपातलं वास्तव मला पूर्ण मान्य आहे. १९८२ चा अटारी २६०० वरचा ‘पॅक-मॅन’ हे त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्या यंत्राची मेमरी १२८ बाइट, आणि खेळाडूसाठीच्या हलत्या आकृत्या हार्डवेअरमध्ये फक्त दोन. चार भुतं दाखवायची तर प्रोग्रामने दर फ्रेमला एकच भूत काढलं, आळीपाळीने. प्रत्येक भूत चार फ्रेममध्ये एकदाच दिसतं, म्हणून सगळी लुकलुकतात. पण इथेच तुलना कामाला येते. हे सगळं यंत्राच्या माथी मारता येत नाही, कारण ‘मिस पॅक-मॅन’ त्याच यंत्रावर आली ती कितीतरी नीट चालते. तिच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे खेळ साठवलेल्या डबीत, ८ किलोबाइट होते, आधीच्या खेळाला ४ मिळाले होते. पुढे हौशी प्रोग्रामरांनी त्याच ४ किलोबाइटमध्येही आर्केडच्या पुष्कळ जवळ जाणारा पॅक-मॅन लिहून दाखवला. तेव्हा दोष किती यंत्राचा, किती कार्ट्रिजच्या आकाराचा आणि किती घाईचा, हे तीन आवृत्त्या समोर असल्यामुळेच सांगता येतं.

सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरचा १९९३ चा ‘स्ट्रीट फायटर २’ घ्या. त्यातले आवाज घोगरे, घशात अडकल्यासारखे. वर्षानुवर्षं लोक सांगत आले की सेगाच्या यंत्राची ध्वनी चिपच तशी. नंतर एका हौशी प्रोग्रामरने आवाज वाजवणारा कोडचा भाग बदलून तेच कार्ट्रिज त्याच यंत्रावर बरंच स्वच्छ बोलतं केलं. कारण चिपमध्ये नव्हतं, आवाज वाजवण्याच्या पद्धतीत होतं. वाईट पोर्ट फेकून दिला असता तर यंत्रावर लागलेला हा खोटा आळ कायम राहिला असता.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. माणसाकडे वेळ मोजका असतो, त्याला एकच आवृत्ती खेळायची असते, मग त्याला सरळ उत्तर का देऊ नये? द्यावं. पण कशासाठी खेळायचं आहे हे विचारून द्यावं. ‘डूम’चं उदाहरण बघू. मूळ १९९३ चा खेळ पीसीवरचा, सेकंदाला ३५ फ्रेमच्या मर्यादेत धावणारा. सुपर निन्टेंडो कन्सोलवर १९९५ मध्ये आलेल्या आवृत्तीत जमीन आणि छत सपाट रंगाचं आहे, पडद्यावरची खेळाची चौकट लहान आहे आणि राक्षस सदैव तुमच्याकडेच तोंड करून असतात, कारण बाजूची आणि पाठीची चित्रं मावलीच नाहीत. परिणाम चित्रापुरता राहत नाही. पाठमोरा राक्षस ओळखून मागून गाठण्याचा डावच संपतो. त्याच वर्षी प्लेस्टेशनवर आलेल्या आवृत्तीत रंगीत प्रकाश आला आणि गिटारच्या दणदणाटाऐवजी कण्हण्यासारखे, दूरवरून येणारे आवाज आले. नकाशे ओळखीचे, पण खेळताना भीती वेगळीच वाटते. वेग हवा असेल तर पीसी, काळोख हवा असेल तर प्लेस्टेशन, आणि कार्ट्रिजमध्ये डूम कोंबण्याचं कसब पाहायचं असेल तर सुपर निन्टेंडो. असं उत्तर एका वाक्यात बसतं आणि ते खरं असतं. ‘अल्लादीन’च्या बाबतीत तर प्रश्नच कोसळतो. १९९३ मध्ये मेगा ड्राइव्हवर आलेल्या खेळात हातात तलवार आहे. सुपर निन्टेंडोवरचा कॅपकॉम या कंपनीने वेगळा घडवला, त्यात तलवार नाही, शत्रूंच्या डोक्यावर उड्या आहेत. नाव एक, खेळ दोन. तरीही या दोघांतला श्रेष्ठ कोण हा वाद तीस वर्षं चालू आहे.

तुलना कशी बिघडते हे नीट पाहिलं पाहिजे, कारण बहुतेक निकाल तिथेच खोटे पडतात. सर्वांत मोठा गुन्हेगार आहे ३० फ्रेमचा व्हिडिओ. वरच्या पॅक-मॅनमध्ये भुतं आळीपाळीने दिसतात: पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. रेकॉर्डिंग सेकंदाला ३० फ्रेमचं असेल तर प्रत्येक दुसरी फ्रेम गळते, आणि चारपैकी दोन भुतं व्हिडिओत कधीच उमटत नाहीत. उरलेली दोन खऱ्यापेक्षा ठसठशीत दिसतात. स्थिर चित्र घेतलं तर एकच भूत सापडतं. खरा टीव्ही समोर असेल तर ट्यूबच्या काचेवरची चमक क्षणभर रेंगाळते आणि डोळा चारही भुतं जुळवून घेतो, फिकट आणि थरथरती का होईना. जखम झाल्यावर पात्र लुकलुकतं किंवा पायाखालची सावली एकाआड एक फ्रेमला काढलेली असते, त्या प्रत्येक खेळात हीच गफलत होते. म्हणून तुलनेचं रेकॉर्डिंग ६० फ्रेमचंच हवं, यात तडजोड नाही.

मग चित्राचा आकार. स्ट्रीट फायटर २ चं आर्केड मशीन ३८४ गुणिले २२४ पिक्सेल काढतं, पण पडदा ४ः३ चा असतो, म्हणजे प्रत्येक पिक्सेल उभट दिसायला हवा. एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, पिक्सेल चौकोनी ठेवले की सगळे लढवय्ये आडवे फुगतात. सुपर निन्टेंडोवर रुंदी २५६ पिक्सेलची, तिथले पिक्सेल त्याच पडद्यावर आडवे ताणले जातात. दोन्ही चौकोनी पिक्सेलमध्ये शेजारी लावून ‘यातली पात्रं लहान केली’ असं म्हणणारी तुलना मुळातच वाकडी आहे. आधी दोन्ही ४ः३ करा, मग बोला.

केबलचंही तेच. मेगा ड्राइव्हवरच्या ‘सॉनिक’मध्ये ग्रीन हिल झोनचा धबधबा उभ्या रेघांचा आहे, एक रेघ सोडून एक. त्या यंत्राला अर्धपारदर्शकता येत नव्हती. कॉम्पोझिट केबलमध्ये, म्हणजे सगळं चित्र एकाच तारेतून नेणाऱ्या जुन्या केबलमध्ये, शेजारचे पिक्सेल एकमेकांत विरघळतात, त्या पुसटपणाचा उपयोग चित्रकारांनी करून घेतला आणि रेघांमागून डोंगर दिसणारं पाणी तयार झालं. हाच खेळ रंग वेगवेगळे नेणाऱ्या स्वच्छ आरजीबी केबलवर किंवा एचडीएमआयवर लावला की पाण्याऐवजी गजांची जाळी दिसते. मग स्वच्छ चित्र नेहमीच मूळ हेतूच्या जवळ असतं हे कशावरून? उलट बाजूही सांगायला हवी: ज्या खेळांत अशी जाळी वापरलेलीच नाही, बारीक अक्षरं आहेत, तिथे कॉम्पोझिट फक्त डोळे शिणवतं. खेळ पाहून केबल ठरवावी.

आणि हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतो तो आकडा. युरोपात टीव्ही ५० हर्ट्झचे होते, जपान आणि अमेरिकेत ६० चे. ज्या कंपनीने काहीच फेरफार केला नाही तिचा खेळ युरोपात सुमारे १७ टक्के हळू चालला. ६० सेकंदांच्या जागी ७२. पहिला सॉनिक तसाच गेला, संगीतासकट मंद, वर-खाली काळ्या पट्ट्यांत दबलेला. निन्टेंडोने ‘टेट्रिस’ मात्र जुळवून घेतला. बटण धरून ठेवल्यावर ठोकळा सरकू लागायला अमेरिकी आवृत्तीत १६ फ्रेम लागतात, नंतर दर ६ फ्रेमला एक घर. युरोपीय आवृत्तीत तेच आकडे १२ आणि ४. अमेरिकी १९ व्या पातळीवर ठोकळा दोन फ्रेमला एक ओळ उतरतो, युरोपीय १९ व्या पातळीवर प्रत्येक फ्रेमला. सेकंदात मांडलं तर एका ओळीला ३३ मिलिसेकंद आणि २० मिलिसेकंद. अमेरिकी आवृत्ती २९ व्या पातळीला प्रत्येक फ्रेमवर येते, १७ मिलिसेकंदांवर. तिथे बटण नुसतं धरून ठेवलं तर पाच घरं ओलांडायला २० हून जास्त फ्रेम हव्यात आणि वीस ओळींचा खड्डा २० फ्रेममध्ये संपतो. म्हणून तिथले खेळाडू बटण धरायचं सोडून ते झपाझप दाबत राहायला शिकले. एकाच नावाच्या, दिसायला जवळजवळ सारख्या दोन कार्ट्रिजमधून हातांचे दोन वेगळे हुन्नर जन्मले. स्क्रीनशॉट शेजारी ठेवून हे कधी दिसलं असतं?

नियंत्रणाचा उशीर तर चित्रात दिसतच नाही, पण मोजता येतो. रेट्रोआर्च या एम्युलेटरमध्ये पी दाबून खेळ थांबवा, उडीचं बटण धरून ठेवा आणि के दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. पात्र तिसऱ्या फ्रेमला हललं तर दोन फ्रेम खेळाच्या स्वतःच्या, त्या मूळ यंत्रावरही होत्याच. त्यावर जे जाणवतं ते टीव्हीचं आणि कंट्रोलरचं. आधी टीव्हीचा गेम मोड, म्हणजे उशीर कमी करणारी सोय, चालू आहे ना ते बघा. रेट्रोआर्चची रन-अहेड नावाची सोय खेळ आतल्या आत पुढे चालवून त्या दोन फ्रेम गिळू शकते, पण आकडा मोजलेल्यापेक्षा वाढवला की उडीची सुरुवातच चित्रातून गळते. ‘हा पोर्ट जड वाटतो’ असं लिहिण्यापूर्वी एवढं करायला पाच मिनिटं लागतात.

मूळ यंत्रवाल्यांचा मुद्दा इथे सर्वांत बळकट होतो, आणि मी तो मान्य करतो. काही गोष्टी त्या यंत्राबाहेर जगतच नाहीत. ‘डक हंट’ची बंदूक ट्यूबच्या टीव्हीवरच चालते: चाप ओढल्यावर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो उजेड त्याच क्षणी शोधते. एलसीडी पडदा तो क्षण उशिरा दाखवतो आणि नेम कायम चुकतो. पण म्हणून मूळ यंत्र म्हणजे एकच अढळ प्रत, असं ठरत नाही. पॅक-मॅनच्या आर्केड बोर्डावर छोटे स्विच होते. चालक जिवांची संख्या आणि जादा जीव किती गुणांना मिळतो ते ठरवायचा. दोन मशीन, दोन खेळ, दोन्ही मूळच. ‘कॅसलव्हेनिया ३’ची १९८९ ची जपानी आवृत्ती कार्ट्रिजमधल्या जादा चिपमुळे आणखी तीन ध्वनिमार्ग वाजवते, अमेरिकी यंत्राच्या खाचेतून तो आवाज पुढे जातच नव्हता, म्हणून तिथे संगीत नव्याने बसवावं लागलं. यांतलं मूळ कुठलं म्हणायचं? आणि यंत्रं अमर नाहीत. कॅपकॉमच्या सीपीएस-२ या आर्केड बोर्डांवर सांकेतिक केलेला खेळ उलगडणारी किल्ली एका बॅटरीच्या जोरावर मेमरीत टिकते. बॅटरी संपली की बोर्ड मुका. फक्त मूळच खरं मानायचं तर तो खेळ बॅटरीबरोबर संपला, असं म्हणावं लागेल.

रिमास्टरवाल्यांचंही एक म्हणणं रास्त आहे: नव्या खेळाडूला आत यायला दार हवं. पण जुनं दार चिणून का टाकायचं? २०२१ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या तीन जुन्या खेळांचा नवा संच आला. ‘सॅन अँड्रियास’मधलं धुकं पातळ झालं, दूरवरचं दिसू लागलं, आणि डोंगरावर उभं राहिल्यावर अख्खा प्रदेश अंगणाएवढा दिसला. जुन्या यंत्राची लाज झाकणारं धुकंच त्या जगाला विस्तार देत होतं. त्याहून गंभीर म्हणजे संच येण्याआधी जुन्या आवृत्त्या विक्रीतून काढल्या गेल्या होत्या. खेळाडू खवळले, कंपनीने माफी मागितली आणि पीसीवरचे जुने खेळ आपल्या दुकानात परत ठेवले. सगळेच खेळ इतके नशीबवान नसतात. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात अधिकृतपणे मिळत नव्हते. सगळ्या आवृत्त्या सांभाळणं खर्चाचं आहे, हक्कांच्या गाठी सुटत नाहीत, हे खरंच आहे. पण जिथे हक्क हातात आहेत तिथे काय अडचण? ‘मंकी आयलंड’च्या २००९ च्या नव्या आवृत्तीत एफ-१० दाबलं की चालू दृश्यातच १९९० चं चित्र समोर येतं. ‘स्टारक्राफ्ट’च्या रिमास्टरमध्ये एफ-५. २०२२ च्या ‘अटारी ५०’मध्ये आर्केडचे खेळ आणि त्यांची घरगुती रूपं एकाच संचात आहेत. ही पानाच्या तळाशी छापलेली तळटीपच आहे, आणि ती विकलीही जाते.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ मध्ये ॲपल २ वर आला. खेळ गाजला तो पुढच्या पोर्टांमुळे. सुपर निन्टेंडोवर तर १२ पातळ्यांच्या २० झाल्या आणि ६० मिनिटांची १२०. चित्र, रंग, आवाज, कुठल्याही कसोटीवर ॲपल २ ची आवृत्ती रांगेत शेवटी उभी राहील. तिचा मूळ कोड हरवला होता. २०१२ मध्ये खेळाचे कर्ते जॉर्डन मेकनर यांच्या वडिलांना एका खोक्यात फ्लॉप्या सापडल्या, त्यांतून तो वाचून काढला गेला आणि सर्वांसाठी खुला झाला. या खेळात नायकाची एक छाया आरशातून बाहेर उडी मारते, तिची तलवार नायकाशी भिडते, आणि तिला मारलं की नायकच मरतो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर ती छाया आहे, पण ती का आहे याचं उत्तर पहिल्याच आवृत्तीत सापडतं. नव्या शत्रूची चित्रं ठेवायला मेमरी उरली नव्हती, म्हणून नायकाचीच प्रत्येक फ्रेम एक बिट सरकवून स्वतःशीच उलटसुलट मिसळली आणि पडद्यावर एक चमचमती, पोकळ आकृती उभी राहिली.